मासा काठाला लागला की

टेक्सासातल्या अर्विंगच्या महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं की पद्मिनी पाटील एका लॅबमध्ये कामाला आहे. कसली लॅब, कुठली लॅब, हे कुणी खोदून विचारलं नाही. विचारलं असतं तर तिच्या नवऱ्याचं, नरेंद्रचं, उत्तर तयार होतं. "सॅम्पल कापायचं काम असतं," तो म्हणायचा, "जरा टेक्निकल आहे." यातलं कापायचं काम तेवढं खरं होतं. पद्मिनी दक्षिण डॅलसमध्ये, ट्रिनिटी नदीच्या पलीकडे, होलिस नावाच्या म्हाताऱ्याच्या दुकानात उभी राहून मासे कापायची. तिच्यासमोरच्या फळीवर दिवसभर जो मासा आपटला जायचा, त्याला तिथली माणसं बफेलो म्हणत.

बफेलो म्हणजे थोराड मासा. ओठ पुढे काढून तळाचा गाळ चोखणाऱ्या माशांच्या कुळातला, आणि त्या कुळातला दांडगा. मोठ्या तोंडाचा, बारक्या तोंडाचा आणि काळा, असे त्याचे प्रकार होलिसच्या बर्फात शेजारी शेजारी पडलेले असायचे. डोक्यामागून पाठ एकदम वर चढते, रानगव्याच्या वशिंडासारखी, म्हणून हे नाव. खवले हाताच्या अंगठ्याएवढे, अंग राखाडी, पोटाकडे पितळी. एखादा नग इतका मोठा यायचा की तो उचलायला पद्मिनीला कमरेचा जोर लावावा लागे. आणि इतकं सगळं असून या माशाला अमेरिकेत काडीची इज्जत नाही. इथल्या माशांनाही जाती असतात. बास, ट्राउट हे गेम फिश. त्यांच्याबरोबर साहेबलोक फोटो काढून घेतात. बफेलो हा रफ फिश. तो गळाला लागला तर गोरे हौशी लोक शिवी देऊन त्याला काठावर मरायला टाकून देतात. खातात ते दक्षिण डॅलसमधले काळे लोक, आणि मग हळूहळू, तोंड लपवत, आपले.

पद्मिनी मुंबईतल्या वेसाव्याची. वेसावे कोळीवाड्यात जन्मली, अकरावी पास झाली आणि आईच्या शेजारी अंधेरीच्या मार्केटात बसली. नरेंद्रही त्याच कोळीवाड्यातला, दोन गल्ल्या सोडून. त्याचा बाप वादळात समुद्रात गेला तेव्हा तो शाळेत होता. त्याच्या आईनं मासळीची पाटी डोक्यावर घेतली आणि पोराला इंजिनियर केलं. नरेंद्रच्या डिग्रीला नाक लावलं असतं तर सुक्या बोंबलाचा वास आला असता. म्हणूनच बहुधा ती त्यानं काचेत घालून भिंतीवर लावली होती. अमेरिकेत आल्यावर त्यानं मंडळात कुणाला वेसाव्याचं नाव सांगितलं नाही. "आम्ही मुंबईचे," एवढंच. पाटील आडनावाचं एक बरं असतं, त्यात कुणीही मावतं. कोळीवाड्यात पद्मिनी नवऱ्याला अरे-तुरे करायची, सगळ्याच करायच्या. इथं चारचौघांत त्यानं तिला 'अहो' म्हणायला लावलं. तीही म्हणू लागली. शब्दानं काय बिघडतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

शहाऐंशी साली तेलाचे भाव कोसळले आणि त्यांच्यामागोमाग टेक्सासात सगळंच कोसळलं. नरेंद्रला त्याच्या कंपनीनं एका शुक्रवारी खोक्यात सामान भरायला सांगितलं. तो घरी सोफ्यावर बसला तो बसलाच. सकाळी नोकरीच्या जाहिराती वाचायच्या, दुपारी त्याच पुन्हा वाचायच्या. मुलगी नंदा शाळेत जायची, घरभाडं थांबत नव्हतं. पद्मिनीनं कुणाला न विचारता जुनी शेवी गाडी बाहेर काढली आणि जिथं आपले हात चालतील असं ठिकाण शोधत निघाली. मासळीच्या दुकानाचा पत्ता तिला नाकानं सापडला, असं ती पुढे सांगायची.

होलिस सत्तरीच्या घरातला काळा माणूस, गुडघे गेलेले, बोलणं सावकाश. त्यानं तिच्या हातात सुरा दिला आणि एक बफेलो पुढे सरकवला. पद्मिनीनं रावस कापावा तशा आडव्या तुकड्या सपासप पाडल्या. होलिस खूश झाला. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी त्या तुकड्या परत घेऊन आली, कारण तिच्या नातवाच्या घशात काटा अडकून त्याला इस्पितळात न्यावं लागलं होतं. समुद्राच्या माशात वाढलेल्या बाईला गोड्या पाण्यातल्या माशाचं काय माहीत! बफेलोच्या पाठीच्या मांसात दुतोंडी काटे भरलेले असतात, बारीक बेचक्यांसारखे, मांसात सुटे रुतलेले. मग होलिसनं तिला शिकवलं: बरगड्यांचा भाग वेगळा काढायचा, तो मोठ्या काट्यांचा, बिनधोक. पाठीच्या भागाला मात्र जवळजवळ चिरा मारायच्या, कातडीपर्यंत न्यायच्या आणि कातडीला सुरा लागू द्यायचा नाही. मग कडकडीत तेलात ते बेचके जळून कुरकुरीत होतात. पद्मिनीला हे जमायला बरेच दिवस गेले. कधी कातडी फाटायची, कधी चीर उथळ राहायची. ती चिडायची, स्वतःला कोळीभाषेत शिव्या घालायची, आणि होलिस अर्थ न कळता हसायचा.

घरी तिनं त्याच माशाचं कालवण केलं. वेसाव्याहून आणलेला मसाला, चिंच, लसूण ठेचून. गाळाचा वास जाईना म्हणून तुकड्यांना हळद-मीठ आणि चिंचेचं पाणी लावून ठेवलं. तिच्या आईनं असला मासा मांजरालाही घातला नसता. पण बेकारीचं ते सगळं वर्ष पाटलांच्या घरानं बफेलोवर काढलं. नरेंद्र बोटं चाटून खायचा. नंदासुद्धा काटे जिभेनं बाजूला काढायला शिकली, आणि ते शाळेतल्या मैत्रिणींना करून दाखवायची हिंमत मात्र तिनं कधी केली नाही.

वासाचं काय करायचं, हा खरा प्रश्न. पद्मिनी दुकानातच कपडे बदलायची, लिंबाच्या सालीनं नखं घासायची, बूट गाडीच्या डिकीत ठेवायची. नरेंद्रनं तिला लव्हेंडरची पावडर आणून दिली. लव्हेंडर आणि बफेलो मिळून जो वास होई, तो दोन्हींपेक्षा वाईट होता. नंदा गाडीत बसली की काच खाली करायची. "आई, प्लीज, माझ्या फ्रेंड्सना राइड देऊ नको ना. इट्स इन द सीट्स." पद्मिनीला ते लागायचं, पण पोर आहे म्हणून सोडून द्यायची. तिच्या वयाची असताना पद्मिनी त्याच वासात आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपत होती, हे मुलीला कसं सांगायचं?

दुकान वाढलं ते पद्मिनीमुळे, यात होलिसलाही शंका नव्हती. एकदा एक बंगाली गृहस्थ बफेलोचे कल्ले उघडून बघताना तिनं पाहिला. त्याच्या डोळ्यांत रोहू दिसत होता. तिनं त्याला विचारलं, डोकं दोन भाग करून देऊ का, गाबोळी, म्हणजे अंडी, वेगळी हवी का, रश्शाच्या तुकड्या पाडू का. त्या माणसाला भरून आल्यासारखं झालं. पुढच्या शनिवारी तो चार घरं घेऊन आला, मग मल्याळी आले, मग बांगलादेशी. होलिस आजवर डोकी फेकून देत होता. आता डोकी आधी संपायची. पद्मिनी उभ्या उभ्या भाव सांगायची, घासाघीस करायची, एखाद्याला दोन बरगड्या फुकट टाकायची आणि पुढच्या वेळी त्याच्याकडून वसूल करायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, हे तिच्या रक्तात होतं. त्या फळीमागे उभी असताना तिला आपण परदेशात आहोत हे आठवत नसे. अमेरिकेत तिला सुख म्हणून जे मिळालं ते तेवढंच.

सत्त्याऐंशीच्या शेवटी नरेंद्रला पुन्हा नोकरी लागली, आधीच्यापेक्षा बरी. त्यानं नवा सूट घेतला आणि मंडळाच्या कामात जोरात पडला. पुढच्या वर्षीचं अध्यक्षपद त्याच्या डोळ्यांपुढे नाचू लागलं. "आता तू लॅब सोड," तो म्हणाला. घरात, दोघंच असताना, तो लॅब म्हणाला! पद्मिनी हसली. तिला वाटलं, थट्टा करतोय.

आता कोळीवाड्याची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कोळ्यांत पुरुष समुद्रावर राजा, पण मासा काठाला लागला की तो बाईचा. कुठं विकायचा, काय भावानं, कुणाला उधार द्यायचा, बर्फ कुठून घ्यायचा, सगळं बाई ठरवते. पैसा तिच्या कमरेला. नवरा विडीकाडीपुरता मागून घेतो. पद्मिनीच्या आईनं मार्केटात जागा बदलली तेव्हा तिनं नवऱ्याला विचारलं नव्हतं, जेवताना फक्त सांगितलं होतं. बाप काही बोलला नाही, जाळं विणायची सुई घेऊन बाहेर जाऊन बसला. त्याचं ते गप्प बसणं म्हणजे होकार. नकार असता तर अख्ख्या गल्लीला ऐकू गेला असता. कोळीवाड्यातले पुरुष नाही म्हणायचं असेल तर ओरडतात. गप्प बसले की समजायचं, बाईनं पुढे जावं. पद्मिनीनं हे लहानपणापासून घरोघरी पाहिलं होतं. नरेंद्रच्या घरीही तेच.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात होलिस एकदा दुकान बंद करताना स्टुलावर बसला आणि म्हणाला, "माझ्यानं आता होत नाही. मुलीकडे जाऊन राहणार. हे दुकान तू चालव." पद्मिनीच्या हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहत राहिला. होलिस म्हणाला, जागा भाड्याची आहे, भाडेकरार तुझ्या नावावर करू. जागेचा मालक एवढंच म्हणतो की सोबत नवऱ्याची सही पाहिजे. पद्मिनीनं हात पुसला आणि पुढे केला. होलिसनं तो हातात घेतला. वेसाव्यात एवढं पुरलं असतं.

त्या आठवड्यात ती चालत नव्हती, तरंगत होती. तिनं मनातल्या मनात फळी हलवली, बर्फाची पेटी दारापाशी आणली, समुद्राचा मासा ह्यूस्टनहून मागवला. बायकांना बसायला एक बाक ठेवला, कारण मासळी घेताना बाई बसली की जास्त घेते. वेसाव्याला फोन केला. शेजाऱ्यांच्या फोनवर आई धावत आली, धापा टाकत. पद्मिनी म्हणाली, दुकान घेतेय, बोर्डावर तुझं नाव टाकते. आई ओरडली, एवढ्या लांबून ओरडावंच लागतं असं तिला वाटायचं, "माजा नाव नको टाकू गो पोरी, तुजाच टाक!" मग ती रडायला लागली आणि फोन कट झाला.

नरेंद्रला तिनं जेवताना सांगितलं. बफेलोच्या गाबोळीची वडी केली होती, ती त्याच्या ताटात वाढता वाढता म्हणाली, "होलिस दुकान मला देतोय. मी हो म्हटलंय. तुझी एक सही लागेल." नंदा मान खाली घालून खात होती. नरेंद्रचा हात क्षणभर थांबला. मग त्यानं वडीचा तुकडा तोडला, खाल्ला, अजून एक मागून घेतली. काही बोलला नाही. उठला, हात धुतले, टीव्ही लावला. पद्मिनीचा जीव भांड्यात पडला. भांडी घासताना ती चक्क गुणगुणत होती.

कागद तयार व्हायला वेळ लागेल, असं होलिस म्हणाला होता, म्हणून तिनं घाई केली नाही. एका सोमवारी ती दुकानात गेली तर होलिस फळीपाशी उभा होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. त्यानं उगाच एक स्वच्छ सुरा पुन्हा धुतला.

"तुझा नवरा आला होता," तो म्हणाला. "शनिवारी, तू गेल्यावर. सूट घालून."

पद्मिनीला आधी आनंदच झाला. सही करायला आला असेल, असं वाटलं.

"तो म्हणाला, तू महिनाअखेर काम सोडणार आहेस. म्हणाला, तुला इंग्रजी वाचता येत नाही, कुणी काही विचारलं की कळलं नाही तरी तू हो म्हणतेस, त्याचा मी गैरफायदा घेऊ नये. आवाज चढवला नाही त्यानं. फार सभ्य माणूस." होलिसनं सुरा खाली ठेवला. "मी काल त्या व्हिएतनामी जोडप्याला दुकान दिलं, ते कधीपासून मागे लागले होते. त्यांची स्वतःची माणसं आहेत कापायला."

"मी रोज तुमच्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या वाचते," पद्मिनी म्हणाली. "तुमच्यासमोर वाचते."

होलिसला ते माहीत होतं. त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं की माहीत होतं. "पोरी, एक माणूस स्वतःच्या बायकोबद्दल सांगतोय. त्याला मी खोटारडा म्हणू? मी म्हातारा झालोय. मला हे मिटवायचं होतं."

म्हणजे सूट घातलेल्या पुरुषाचा एक शब्द आणि फळीमागे काढलेली दोन वर्षं, यांत कुणाचं वजन जास्त, ते होलिसनं तोलून टाकलं होतं. त्याचा पद्मिनीला राग यायला हवा होता, पण तो आला नाही, कारण सगळा राग आधीच अर्विंगला, घरी, पोचला होता. तिनं त्या दिवशीही कामं संपवली. गिऱ्हाईक आलं होतं, त्याला कसं परत पाठवणार? फक्त चिरा नीट पडल्या नाहीत, कातडी दोनदा फाटली.

घरी नरेंद्र पेपर वाचत होता. तिनं बूट डिकीत ठेवले नाहीत. तशीच, दुकानाच्या कपड्यांत, त्याच्या सोफ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"का केलंस?"

त्यानं पेपर घडी करून ठेवला. त्यालाही माहीत होतं की हे कधीतरी होणार. "तू मला विचारलं नव्हतंस," तो म्हणाला. "सांगितलं होतंस."

"मग तेव्हाच नाही का म्हटलं नाहीस? ओरडायचं होतंस. गप्प का बसलास?"

"गप्प बसलो म्हणजे हो, असं कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या आईनं," पद्मिनी म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा."

आईचं नाव निघाल्यावर तो उठून उभा राहिला. "ते वेसावे होतं, पद्मिनी. हे वेगळं आहे. बोर्ड लागला असता दुकानावर. पाटील. आज बंगाली येतात, उद्या आपले येतील. मंडळातले साठे येतील, त्यांच्या सुहासिनीबाई येतील, आणि तू त्यांना डोकी कापून देणार? माझी बायको? मी इतकी वर्षं..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. "आता तुला घरात बसवून खाऊ घालायची ऐपत आहे माझी. बायका याच्यासाठी नवस करतात."

"मी अडाणी आहे म्हणून सांगितलंस."

"काहीतरी सांगायला हवंच होतं ना!"

पद्मिनीला त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. मारलं नाही. वेसाव्यात असती तर मारलं असतं आणि सासूनं तिची बाजू घेतली असती. इथं या कार्पेटवर, या भिंतीवरच्या काचेतल्या डिग्रीखाली, तिच्या बाजूनं उभं राहायला कुणीच नव्हतं. सगळे म्हणतात अमेरिकेत बाई मोकळी होते. पद्मिनी वेसाव्यात मोकळी होती. आठ तास एका विमानात आणि आणखी कितीतरी तास दुसऱ्या विमानात बसून ती इथं आली होती ती नवऱ्याच्या सहीखाली यायला.

ती कामावर जायची थांबली. व्हिएतनामी जोडप्यातल्या बाईनं होलिसकडून नंबर घेऊन एकदा फोन केला, इथले भारतीय लोक तुलाच विचारतात म्हणाली. फोन नरेंद्रनं घेतला आणि राँग नंबर म्हणून ठेवला. पद्मिनी मागे उभी होती. आता तिला आणखी काही ऐकायचं राहिलं नव्हतं.

सप्टेंबरात मंडळाचा गणपती आला. एका हायस्कूलचा हॉल भाड्यानं घेतला होता. त्याच संध्याकाळी नव्या अध्यक्षाची घोषणा व्हायची होती आणि नरेंद्रशिवाय दुसरं नाव नव्हतं. त्यानं जोधपुरी घातला होता. पद्मिनी मागच्या रांगेत, लव्हेंडर न लावता बसली होती, कारण आता गरज नव्हती.

कार्यक्रमात शेवटी मुलींचा कोळीनाच होता. मंडळात तो दरवर्षी असायचा, त्याच्यावाचून लोकांना करमत नसे. प्लास्टिकच्या टोपल्या, त्यांत चमकीचे पुठ्ठ्याचे मासे, कमरेला झटके. यंदा नंदाही त्यात होती. नाचाची सगळी जबाबदारी सुहासिनी साठेकाकूंकडे होती. त्या पुण्याच्या, उत्साही, मनानं वाईट नव्हत्या. पण मुलींना कोळी साड्या नेसवताना त्यांची फजिती झाली. नऊवारी त्यांना येत होती, पण ती देवळात नेसून जायची. कोळणीची साडी गुडघ्यावर घट्ट बसते आणि मागे कासोटा असा खेचावा लागतो की टोपली डोक्यावर घेऊन धावलं तरी सुटत नाही. काकूंनी सेफ्टी पिना टोचून टोचून मुली रडकुंडीला आणल्या होत्या, आणि एकीची साडी स्टेजमागेच सुटून पडली.

काकू घाईघाईनं हॉलमध्ये आल्या. "अहो पाटीलवहिनी, तुम्ही मुंबईच्या ना? तुम्हाला येतं का हो ते कोळणीचं नेसवायला?"

नरेंद्र तिथंच उभा होता, कार्यकारिणीतल्या चार-सहा लोकांच्या घोळक्यात. "छे, तिला कुठलं यायला," तो पटकन म्हणाला.

"येतं," पद्मिनी म्हणाली, आणि उठली.

स्टेजमागे तिनं पिना काढून फेकून दिल्या. पहिल्या मुलीला समोर उभं केलं, गाठ मारली, पदर फिरवला, गुडघ्यापाशी हात घालून कासोटा मागे एका झटक्यात खेचला. मुलगी "आऊच" म्हणाली आणि मग खाली बघून उड्या मारू लागली, साडी हलली नाही. दुसरी, तिसरी. नरेंद्रसकट घोळका तिथंही आला, बायका दाराशी जमल्या. नंदाची पाळी आली. पद्मिनी गुडघ्यावर बसून लेकीच्या निऱ्या चापत होती, आणि सुहासिनीकाकू कौतुकानं म्हणाल्या, "अगंबाई, काय सुरेख! कुठं शिकलात तुम्ही हे?"

"घरी," पद्मिनी म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "आम्ही कोळी आहोत, काकू. वेसाव्याचे. माझी आई अंधेरीच्या मार्केटात मासे विकते. यांची आईपण विकायची. आणि मी आत्ताआत्तापर्यंत इथं दक्षिण डॅलसमध्ये मासे कापत होते. लॅब नाही ती. दुकान."

कुणीतरी खोकलं. काकूंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. त्यांना वाईट वाटून घ्यावं की छान म्हणावं, ते त्यांनाच कळेना. सगळ्यांच्या नजरा आपोआप नरेंद्रकडे वळल्या. पद्मिनीच्या हातात निऱ्या होत्या. तिच्या मनात एवढंच होतं, की आता त्यानं फक्त गप्प बसावं. निदान या वेळी खाली बघून गप्प बसावं, तेवढ्यानंही तिनं त्याला सगळं माफ केलं असतं.

नरेंद्र हसला. मोठ्यानं, मान मागे टाकून हसला. "ही ना, भूमिकेत शिरली की अशी शिरते!" तो म्हणाला. "अहो, आमच्या घरी माशाला कुणी शिवतसुद्धा नाही. आम्ही कुठले कोळी!"

स्टेजमागे सुटकेचा श्वास पसरला. काकू हसल्या, "बाई बाई, मी तर खरंच समजले होते हो!" म्हणत त्यांनी पद्मिनीच्या खांद्यावर चापट मारली. पुरुष हसले, दाराशी उभ्या बायका हसल्या. नंदा आईच्या हातांत उभी होती, हात वर धरून. तिनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, मग आपल्याकडे बघणाऱ्या मैत्रिणींकडे. आणि तीही हसली.

दुकान गेल्याचं दुःख पद्मिनीला त्या क्षणी एकदम लहान वाटलं. तिनं लेकीचा कासोटा खेचला, नीट बसला की नाही ते बोट घालून पाहिलं, आणि तिला हलकेच बाजूला सारलं.

"पुढची मुलगी," ती म्हणाली.